शांतरेषेखालचं नाव

मापकाच्या पडद्यावर तळबंदरची रेघ सगळ्यांत आधी जमिनीला टेकली होती आणि खोलीतले सगळे तिचं कौतुक करत होते.

तळबंदर माझं गाव. कौतुक ऐकून मला बरं वाटायला हवं होतं, पण वाटलं नाही. टेबलाच्या शेवटच्या टोकाला, पाण्याच्या बाटल्या ठेवतात तिथे माझी खुर्ची असते. रत्नागिरीच्या कॉलेजात मी ग्रंथपाल होतो. निवृत्तीनंतर किनाऱ्यावरच्या दर्यावर्दी शब्दांचा एक कोश केला. तो कुणी उघडून पाहील असं मला वाटलं नव्हतं. पण वादळांना नावं देणाऱ्या केंद्राने तो पाहिला आणि मला भाषा-सल्लागार म्हणून बोलावलं. तिथे मी काय सल्ला देणार, हे मला शेवटपर्यंत नीट कळलं नाही.

या कामाची थोडी माहिती आधी द्यायला हवी. समुद्रात एकाच वेळी दोन-तीन वादळं असली, की अक्षांश-रेखांशांनी माणसं गोंधळतात. होडीवरच्या वायरलेसवर खरखरीतून आकडा चुकीचा ऐकू येतो, नाव चुकत नाही. म्हणून लहान, उच्चारायला सोपी नावं. आमच्या बाजूच्या समुद्रात जुना नियम असा होता, की नाव एकदा वापरलं की संपलं. किनाऱ्यावरचे देश मिळून याद्या करत आणि त्या वर्षानुवर्षं पुरत. दुसऱ्या महासागरांत मात्र तीच नावं काही वर्षांनी फिरून येत. एखाद्या वादळाने फार माणसं मारली, तरच त्याचं नाव कायमचं काढून टाकत.

मग अरबी समुद्र तापला. पूर्वी हंगामाला एखाद-दुसरं वादळ उठायचं, आता एक विरायच्या आत दुसरं घोंघावू लागतं. याद्या भराभर संपल्या. नवी नावं लोकांच्या ध्यानात राहीनात. कालचं कुठलं आणि आजचं कुठलं, हेच कुणाला सांगता येईना, आणि इशारा ऐकूनही लोक घरात बसून राहू लागले. तेव्हा आपल्याकडेही नावं परत वापरायची असं ठरलं. प्रश्न एवढाच होता, की कुठलं नाव परत वापरावं आणि कुठलं कायमचं मिटवावं.

त्यासाठी स्मरणमापक आला. हे यंत्र किनाऱ्यावरचं जाहीर बोलणं ऐकतं. होड्यांचा वायरलेस, रेडिओवर येणारे फोन, मासळीबाजारातली लिलावाची बोली, ग्रामसभांची ध्वनिमुद्रणं. कोण बोललं ते पुसून टाकतं, शब्द तेवढे मोजतं. त्यातून एक सुंदर गोष्ट हाती लागली, आणि ती खरोखर सुंदर आहे असं मला आजही वाटतं. वादळ येऊन गेल्यावर त्याचं नाव लोकांच्या तोंडी ठरावीक वेगाने कमी होत जातं. किरणोत्सारी पदार्थ जसा ठरावीक काळात निम्मा होतो, मग निम्म्याचा निम्मा, तसंच. प्रत्येक नावाला अर्धायुष्य असतं. ही घसरती रेघ एका मर्यादेखाली गेली, की नाव कानाला ओळखीचं वाटतं पण मनाला दुखत नाही. त्या मर्यादेला केंद्रात शांतरेषा म्हणत. शांतरेषेखालचं नाव परत वापरायला उत्तम. लोक ते पटकन लक्षात ठेवतात आणि न घाबरता निवाऱ्यात जातात. ज्या गावांना सर्वांत जास्त झळ बसली, त्यांच्या रेघेला निर्णयात सर्वांत जास्त वजन. हा नियमही मला न्याय्य वाटला होता.

पडद्यावरचं नाव होतं 'सुरंगी'.

आठ वर्षांपूर्वी त्या वादळाने तळबंदरच्या दोन होड्या नेल्या. पुण्या-मुंबईच्या रेघा हळूहळू, नियमाप्रमाणे उतरल्या होत्या. तळबंदरची रेघ मात्र महिन्याभरातच सपाट झाली होती आणि पुढची आठ वर्षं सपाटच राहिली होती. कुणीतरी म्हणालं, हे गाव किती लवकर सावरलं, यावर वेगळा अभ्यास व्हायला हवा.

मी हात वर केला. तो फार वर गेला नसावा, कारण बैठक संपली. सगळे उठल्यावर केंद्राच्या प्रमुख डॉ. इरा मणेरीकर माझ्यापाशी आल्या. माझ्या मुलीच्या वयाच्या, बोलायला साध्या. तुम्हाला काही म्हणायचं होतं का सर, असं त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, "चूक असेल माझी. पण आमच्याकडे संध्याकाळी सापाला साप म्हणत नाहीत, लांबडं म्हणतात. वाघाला नाव घेऊन बोलत नाहीत. नाव घेतलं की ते येतं, असं मानतात. तळबंदर सुरंगीला विसरलेलं नाही. ते तिचं नाव घेत नाही, इतकंच."

त्यांनी पडद्यावरच्या सपाट रेघेवर बोट ठेवलं. मग म्हणाल्या, "पण सर, न बोललेला शब्द मी मोजू कसा? विसरलेलं आणि गिळलेलं, दोन्हींची रेघ सारखीच येते."

त्यांनीच वाट सांगितली. गावाने ग्रामसभेत ठराव केला, की अमुक वादळाचं नाव पुन्हा वापरू नये, तर मापक काहीही म्हणो, नाव यादीतून निघतं. एकच अट. ठराव मांडणाऱ्याने तो नावासकट मोठ्याने वाचायचा आणि त्याचं ध्वनिमुद्रण व्हायचं. मागे कुणी परस्पर ठराव पाठवून गोंधळ घातले होते, म्हणून ही अट आली होती. पावसाळ्यानंतरचा हंगाम सुरू व्हायच्या आत हे व्हायला हवं होतं.

एवढं सोपं आहे, असं मला त्या दिवशी खरंच वाटलं.

तळबंदरला माझी थोरली बहीण राहते. वैजयंती तिचं नाव, मी ताई म्हणतो. सुरंगीने नेलेल्या होड्यांपैकी एकीवर तिचा मुलगा होता, हर्षद. बहुतेकांचे देह एकेक करून किनाऱ्याला लागले. कुणी आमच्याच वाळूवर, कुणी पार गोव्याच्या बाजूला. हर्षद लागला नाही. ताईने त्याचं दिवसकार्य करू दिलं नाही. "दर्यो कोणाचा ठेवन घेणा नाय. उशीर करतलो, पण देतलो," एवढंच ती म्हणायची. दर शिमग्याला त्याचा शर्ट धुऊन, घडी घालून परत ठेवायची.

सुरंगी हे आमच्याकडचं फूल आहे. उन्हाळा लागायच्या आधी झाडाच्या फांद्यांना चिकटून फुलतं आणि त्याच्या वासाने अख्खी वाडी भरून जाते. बायका त्याचे वळेसर, म्हणजे गजरे, करून विकतात. तळबंदरात त्या वर्षापासून वळेसर विकणारी बाई येते, पण हाळी देत नाही. नुसती दारात उभी राहते. घेणारी म्हणते, "वासाचां दी गो एक." या गोष्टी मला माहीत होत्या. तरी ग्रामसभेला जाताना त्यांचा अर्थ नीट लावला नव्हता.

सरपंच प्राची तांडेल हुशार बाई. तिला सगळं लगेच पटलं. ठराव तिनेच लिहिला. शाळेच्या पडवीत सभा भरली, मायक्रोफोन लावला, आणि ती वाचू लागली. "तळबंदर ग्रामपंचायत असा ठराव करते, की" इथवर खणखणीत आली आणि थांबली. ती पाणी प्यायली. पुन्हा सुरुवात केली, पुन्हा तिथेच थांबली. तिचा दीर दुसऱ्या होडीवर होता.

मग तिने माझ्याकडे बघून विचारलं, "मामा, नंबर चलात काय? वादळाक नंबर पण असता ना?"

नंबर चालणार नव्हता. 'ते वादळ' चालणार नव्हतं. मी वाचतो म्हटलं, तर ठराव गावच्या मतदारानेच मांडायचा आणि माझं मतदान रत्नागिरीत. भिकाजी टिकम म्हणून होडी हाकणारे जुने तांडेल आहेत, ते मागच्या बाकावरून म्हणाले, "जेचा नाव पुसूचा, तेचाच नाव आधी घेवचा? ह्यो खंयचो कायदो?" थोडे लोक हसले. हसणं लगेच विझलं. कागद एका हातातून दुसऱ्या हातात गेला. प्रत्येकाने तो वाचला, मनातल्या मनात, आणि पुढे दिला. ताईकडे आला तेव्हा तिने तो घेतला नाही. ती उठली आणि घरी गेली.

मागोमाग मीही गेलो. तिने चहा टाकला होता. कप माझ्यापुढे ठेवून ती म्हणाली, "तू घेतलंस तां नाव? थंय, मशिनीसमोर?"

मी म्हटलं, घेतलं. घ्यावंच लागलं.

"मगे तूच तिका बोलावलंस."

मी तिला समजावायला हवं होतं. वादळ समुद्राच्या वाफेवर जगतं, शब्दांवर नाही, एवढं तरी सांगायला हवं होतं. पण चाळीस वर्षं पुस्तकांमध्ये काढलेल्या माणसाला, शब्दांत काही नसतं हे ठामपणे म्हणणं जड जातं. मी चहा प्यायलो. ती पाठ करून मासे साफ करत राहिली. एसटीची वेळ झाली तेव्हा तिने एरवीसारखी कोकमाच्या सोलांची पुडी हातात दिली नाही.

रत्नागिरीला परत आल्यावर मी डॉ. मणेरीकरांना सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, वरच्या समितीला टिपण पाठवलं. समितीचं उत्तर सभ्य होतं. भाषा-सल्लागारांच्या भावनांचा आदर आहे, परंतु आकडेवारी स्पष्ट आहे. समितीतल्या कुणाचा काही वाईट हेतू होता, असं मला वाटत नाही. त्यांच्याकडे एक रेघ होती आणि माझ्याकडे एक शंका. त्यांच्या जागी मी असतो तर मीही रेघेवरच विश्वास ठेवला असता.

नवरात्र संपलं आणि समुद्र तापायला लागला. लक्षद्वीपच्या वर एक भोवरा धरला, त्याला नाव मिळालं, तो ओमानकडे गेला. त्याच्या मागोमाग दुसरा उठला. रात्री उशिरा डॉ. मणेरीकरांचा फोन आला. आवाज उतरलेला होता. "सर, तेच नाव लागलं. उद्या दुपारपर्यंत तुमच्याच बाजूला येईल. माझ्या हातात काही उरलं नाही."

मी ताईला फोन लावला. तिने उचलला नाही. मी सरळ स्टँडवर गेलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मालवणकडे जाणारी, वादळाआधीची शेवटची एसटी आमच्या फाट्यावर थांबली. तिथून गावापर्यंत चालत उतरताना वारा अजून फारसा नव्हता, पण समुद्राचा रंग शेवाळासारखा झाला होता आणि बगळे आत, शेतांकडे गेले होते. गावात शिरतो तोच इशाऱ्याच्या मनोऱ्यावरचा भोंगा बोलू लागला. बाईचा आवाज, शांत, स्वच्छ, अगदी मापकाला हवा तसा. "सुरंगी चक्रीवादळ आज दुपारी किनाऱ्यावर येत आहे. नागरिकांनी निवाऱ्यात जावे. सुरंगी चक्रीवादळ..."

आठ वर्षांत त्या गावात ते नाव मोठ्याने कुणी ऐकलं नव्हतं. मी रस्त्यात उभा राहिलो. एका घरातून कुणीतरी धावत बाहेर आलं आणि काय करावं न कळून पुन्हा आत गेलं. एका म्हातारीने कानांवर हात ठेवले. मग घरं उघडू लागली. पोरांना काखोटीला मारून, गुरं सोडून लोक निवाऱ्याकडे पळत सुटले. मापकाला अपेक्षित होतं तसं न घाबरता नव्हे, पण पळत होते खरे. क्षणभर मला वाटलं, समितीचंच बरोबर होतं.

निवाऱ्याच्या दारात प्राची लोक मोजून आत घेत होती. मला बघून तिचा चेहरा पडला. "मामा, ताईमावशी जेटीवर आसा. आणि दोघी-तिघी आसत. मी दोनदा जावन इलंय. उठणत नाय."

जेटीच्या टोकाला चार बायका बसल्या होत्या. चौघींचीही माणसं लागली नव्हती. ताई सर्वांत पुढे. तिच्या मांडीवर प्लॅस्टिकची पिशवी होती. पिशवीत घडी घातलेला शर्ट आणि एक कोरडा टॉवेल.

मापकाने विचारात घेतलेल्या सगळ्या शक्यता मी वाचल्या होत्या. लोक घाबरतील, लोक गाफील राहतील, लोक चिडतील. ज्या नावाच्या वादळाने माणूस नेलं, तेच आता त्याला परत आणून सोडेल म्हणून कुणी पाण्याच्या काठाशी टॉवेल घेऊन बसेल, ही शक्यता कुठेच नव्हती. मलाही सुचली नव्हती, आणि मी तिचा भाऊ.

मी म्हटलं, "ताई, चल. थोड्या वेळात पाणी इथवर येईल."

"येव दे. तेच्यासाठीच बसलंय."

"ताई, ही ती नव्हे. ती कधीच संपली. गुजरातच्या जमिनीवर गेली आणि विरली. वादळ म्हणजे हवा गं, ती हवेत मिसळून जाते, परत येत नाही. हे दुसरंच वादळ आहे. आम्ही त्याला नाव तेवढं जुनं दिलं."

तिने पहिल्यांदा माझ्याकडे मान वळवली. "कित्याक?"

मी खरं ते सांगितलं. "नावं संपली होती."

"नावां संपली," ती म्हणाली. तिला ते नीट समजून घ्यायचं होतं असं वाटलं. "तुज्या त्या येवढ्या जाड्या पुस्तकात दुसरा एक नाव गावाक नाय तुका?"

वारा वाढला होता. बाकीच्या तिघी आमच्याकडे बघत होत्या. तिला ओढून न्यायची ताकद माझ्यात नाही, पटवायचे शब्द संपले होते, आणि तिला तिथे टाकून निवाऱ्यात जाऊन बसणं मला जमणार नव्हतं. तेव्हा मी तिच्या बाजूला बसलो. जेटीच्या कडेवरून पाय खाली सोडले. यात काही युक्ती होती असं नंतर लोक म्हणाले. नव्हती. माझे गुडघे दुखत होते आणि दुसरं काय करावं ते मला कळत नव्हतं.

एक लाट आली आणि माझ्या कमरेपर्यंत भिजवून गेली. पुढची आणखी वर आली. कठड्याला धरायला गेलो तर हात घसरला.

"मागे सर," ताई म्हणाली.

मी म्हटलं, "बसतो मी. तू आहेस तोवर."

"मागे सर मेल्या. गाबताचो झील, आणि पेवाक येणा नाय तुका."

खरंच, मच्छीमाराच्या घरात जन्मून मला पोहता येत नाही. लहानपणी गावातली सगळी पोरं पाण्यात, आणि मी वाळूवर त्यांचे कपडे राखत वाचत बसलेला. त्यावरून मला आयुष्यभर ऐकावं लागलं आहे. तिसरी लाट आली तेव्हा तिने एका हाताने माझी कॉलर धरली. शहात्तर वर्षांच्या बाईच्या हातात एवढा जोर कुठून आला कोण जाणे. तिने मला मागे ओढलं, उभं केलं, आणि तसंच कॉलरला धरून जेटीवरून चालवत नेलं. पुटपुटत होती, की ह्येका आता कोण सांभाळीत. बाकीच्या तिघी थोडा वेळ बसून राहिल्या. मग त्याही उठल्या. एकदाही मागे न बघता ताई चालत होती, पण पिशवी तिने छातीशी घट्ट धरली होती.

निवाऱ्यात पोचल्यावर तिने त्याच टॉवेलने माझं डोकं पुसलं. शर्ट तसाच पिशवीत राहिला.

वादळ दुपारी आलं आणि अंधार पडायच्या आधी जमिनीवर आत सरकलं. तळबंदरात माड पडले, शाळेची पडवी गेली, माणसं सगळी वाचली. खाडीपलीकडच्या खारीवाडीत मात्र एक बाई जेटीवरून उठली नाही. तिच्या पिशवीत काय होतं, ते मी कुणाला विचारलं नाही.

पुढच्या आठवड्यात केंद्राचा अहवाल आला. स्थलांतर अपेक्षेपेक्षा जलद. जीवितहानी एक, कारण वैयक्तिक. नाव लोकांनी त्वरित ओळखले. शेवटी एक ओळ होती, की तळबंदरची रेघ वादळानंतरही शांतरेषेखालीच राहिली असून, हे नाव पुढील फेरीतही वापरण्यास योग्य आहे.

तो अहवाल मी छापून नेला आणि ताईला वाचून दाखवला. दाखवावा की नाही, यावर मी बरेच दिवस घोळ घातला होता. ती वाटाणे सोलत होती. मी संपवलं तरी ती सोलत राहिली. मग विचारलं, "म्हणजे आणि येतली?"

"हे नाव पुन्हा देतील. गावाने सांगितलं नाही तर."

"आणि पुन्ना माका थंय जावन बसाचा लागात."

ती हे तक्रारीच्या सुरात म्हणाली नाही. एखादं नेमाचं काम सांगावं तशी म्हणाली. ते ऐकून मला जेटीवर वाटली नव्हती एवढी भीती वाटली.

ग्रामसभा या वेळी देवळाच्या सभामंडपात झाली, शाळेची पडवी उरली नव्हती म्हणून. प्राचीने ठराव घेतला. तिथवर वाचत आली, थांबली. ताई उठली. ती सभेत कधी बोलत नाही. मायक्रोफोन तिच्या उंचीला फार वर होता. प्राचीने तो खाली केला.

"सुरंगी," ताई म्हणाली.

लोकांनी माना खाली घातल्या. ती थांबली, बाहेर समुद्राकडे कान देऊन. बाहेर काही झालं नाही.

"माज्या हर्षदाक घेवन गेली, ती सुरंगी. तो आता येवचो नाय. लिवन घेवा."

एवढं बोलून ती खाली बसली. ठराव ताईने मांडला आणि तो मंजूर झाला, असं प्राचीने मायक्रोफोनवर सांगितलं. भिकाजी टिकम उठून ताईपाशी आले आणि तिच्या बाजूला जमिनीवर बसले. त्यांनाही गुडघ्यांचा त्रास आहे.

डॉ. मणेरीकरांनी मला नंतर पडदा दाखवला. तळबंदरच्या आठ वर्षांच्या सपाट रेघेवर एकच काटा उभा होता, सरळ वर गेलेला. नाव यादीतून निघालं. न बोललेलं मोजायचं कसं, यावर त्या आता काम करत आहेत आणि माझी मदत हवी म्हणतात. मी अजून हो म्हटलेलं नाही. माणसं काय गिळून बसली आहेत ते यंत्राला कळावं की नाही, याचा मला निर्णय होत नाही.

पण एक काम मला टाळता आलं नाही. एक नाव निघालं की त्याजागी दुसरं द्यावं लागतं, आणि या वेळी ते भाषा-सल्लागाराने सुचवायचं होतं. मी माझा कोश उघडून बसलो. वाऱ्याची नावं, भरती-ओहोटीची, माशांची, जाळ्यांची, फुलांची. प्रत्येक शब्दावर बोट ठेवलं की वाटे, उद्या कुठल्या गावात, कुणाच्या घरात हा शब्द मरेल? मुदत जवळ आली तेव्हा मी तळबंदरला गेलो. ताईने हर्षदचं कार्य उरकून घेतलं होतं. शर्ट भिकाजींच्या नातवाला दिला होता. तो त्याला मोठा होत होता.

तिला मी विचारलं, एक नाव हवंय, कुठलं देऊ.

मग बऱ्याच दिवसांनी तिच्या तोंडावर जुना खट्याळपणा आला. "तुजाच दी. दिगू. तां वादळ येतला, काठावर बसान रवतला. भितर काय येवचा नाय. तेका पेवाक खंय येता?"

आम्ही दोघंही हसलो. तिने सोलांची पुडी बांधून दिली.

रत्नागिरीला येऊन मी ते नाव पाठवलं. लहान आहे, वायरलेसवर स्पष्ट ऐकू येतं, नियमात बसतं. मी केलं ते बरोबर की चूक, मला सांगता येत नाही. नाव देणाऱ्याचंही काहीतरी पणाला लागलेलं असावं, एवढंच त्या वेळी वाटलं. त्याचा दुसरा अर्थ घरी परतल्यावर, पुडी डब्यात रिकामी करताना ध्यानात आला. ते वादळ तळबंदरला आलं आणि कुणाला घेऊन गेलं, तर त्या गावात मला कुणी नावाने हाक मारणार नाही. ताईसुद्धा.

समुद्रात वादळी हवा धरल्याची बातमी आली की हल्ली मी तिला फोन करतो. इकडचं तिकडचं बोलतो, पावसाचं, मासळीचं, गुडघ्यांचं. ती मला नावाने हाक मारेपर्यंत मी फोन ठेवत नाही.